एकास अठ्ठेचाळीस

शनिवारी सकाळी कुरियरवाला आला. सही घेऊन त्याने हातात जे ठेवलं ते साधारण काड्यापेटीएवढं पुडकं होतं. मी दारातच उभा राहून ते कानापाशी हलवून बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय आलं?"

"चाकं."

"कसली?"

"मिगची."

"मागच्या महिन्यात काय आलं होतं मग?"

"ती सीट होती."

"अरे पण अख्खं विमान आणलंयस ना तू? त्यात चाकं नव्हती?"

आता काय सांगणार? होती. चाकं होती, सीट होती, नाकावरची नळी होती, मागचं नॉझल होतं, सगळं होतं. ते सगळं काढून एका डब्यात टाकायचं आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं तेच सगळं विकत आणून लावायचं, असा हा प्रकार आहे. आणि या बदलीच्या मालाचे पैसे मूळ विमानापेक्षा जास्त होतात. हे वाक्य मी स्वतःशी म्हटलं तरी खुळ्यासारखं वाटतं. आमच्या हिने तर बीकॉम केलंय.

म्हणून आज हापिसातलं काही नाही, रिलीजच्या रडकथा नाहीत. आज चाकं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची मापात लहान केलेली प्रतिकृती. माझं माप एकास अठ्ठेचाळीस. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार खऱ्या आयुष्यात ७.१५ मीटर, तो माझ्या टेबलावर जेमतेम १५ सेंटिमीटर होतो. किट उघडलं की आत प्लॅस्टिकच्या चौकटी, चौकटींना लटकलेले शे-दोनशे तुकडे. कापा, घासा, चिकटवा, रंगवा. शाळेत असताना आपण केलंय तेच, फक्त आता चष्मा लावून.

अडचण अशी की प्लॅस्टिकचे तुकडे पोलादी साच्यातून निघतात. साचा उघडून तुकडा सुटून यायला हवा, त्यामुळे बऱ्याच बारीक गोष्टी तिथे येतच नाहीत. खऱ्या विमानात जो पत्रा दीड मिलिमीटर जाड असेल तो ४८ पट लहान केला तर कागदापेक्षा पातळ व्हायला हवा. प्लॅस्टिकमध्ये तो पुठ्ठ्यासारखा येतो. सीटचे पट्टे सीटच्या अंगातूनच उगवल्यासारखे दिसतात. इथे आफ्टरमार्केटवाले येतात. कुणी रबराच्या साच्यात रेझिन ओतून सीट बनवतो. रबर वाकतं, त्यामुळे खाचाखोचा सगळ्या येतात. कुणी पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्ल वापरून डायल आणि लिव्हर कोरतो. ज्यांनी कॉलेजात फेरिक क्लोराइडमध्ये पीसीबी बुडवून शर्टाला कायमचे पिवळे डाग पाडून घेतलेत त्यांना ही पद्धत लगेच कळेल, तंतोतंत तीच आहे. पोलंडमधली मास्टर नावाची कंपनी लेथवर कातलेली, सुईसारखी पितळी पिटो नळी विकते. हल्ली थ्री-डी प्रिंटिंगही आलंय.

आपल्या भाषेत सांगायचं तर किट म्हणजे फ्रेमवर्क आणि हे सगळं थर्ड पार्टी लायब्ररीज. त्यातले सगळे रोगही तेच. हे कॉकपिट त्याच कंपनीच्या त्याच किटला बसेल, दुसऱ्याला नाही. 'बसेल' असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते आपण आपल्या क्लायंटला सांगतो तितपतच खरं असतं. माझं पहिलं रेझिनचं कॉकपिट आतून बसेना म्हणून मी प्लॅस्टिकची भिंत पॉलिश पेपरने घासत सुटलो. पुस्तकात लिहिलं होतं, आरपार उजेड दिसेपर्यंत घासा. मला उजेड दिसला. भोक पडलं होतं. (रेझिन घासताना मास्क लावा आणि पाण्यात घासा. ती धूळ छातीत जाऊन बसते. ही एक गोष्ट या लेखातली सिरियसली घ्या.)

यातली गंमत म्हणजे सगळ्यात मोठा धंदा करणारी एडुआर्ड ही झेक कंपनी स्वतः किटही विकते आणि त्याच किटचे तुकडे फेकून त्याजागी लावायचे तुकडेही विकते. सुरुवात तिची पितळी पत्र्यांपासूनच झाली, १९८९ मध्ये. २०११ साली त्यांनी एकास अठ्ठेचाळीसमध्ये मिग-२१ एमएफ काढलं, पाठोपाठ मिग-२१ बिस. हे बिसचं किट मी २०१४ मध्ये पहिला बरा बोनस मिळाला तेव्हा घेतलं आणि सहा वर्षं कपाटावर ठेवून दिलं.

आता मिगच का. नाशिकच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

मी ओझरच्या एचएएल कॉलनीत वाढलो. बाबा फिटर. आयटीआय करून १९८० मध्ये कारखान्यात लागले, २०१९ ला रिटायर झाले. भारतात लायसन्सवर जी साडेसहाशेच्या वर मिग-२१ बनली ती नाशिकलाच. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून, आणि सांगाडा, पंख, जोडणी ओझरला. १९८७ पर्यंत बिसचं उत्पादन चालू होतं. बाबा पहिली सात वर्षं त्यावर होते, आणि पुढे तीच विमानं अपग्रेड होऊन 'बायसन' झाली तेव्हा पुन्हा त्यावर. आम्हाला लहानपणी टेस्ट फ्लाइटचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की वर्गात बाई वाक्याच्या मधे थांबायच्या, विमान जाऊ द्यायच्या आणि पुढचा शब्द उच्चारायच्या. आम्ही पण मान वर करायचो नाही.

आणि तरीही, २०२० मध्ये लॉकडाउनला ते किट कपाटावरून खाली काढलं तेव्हा माझ्याकडे रेफरन्स कुठले होते? येफिम गॉर्डन यांचं मिग-२१ वरचं रशियन फोटोंनी भरलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक. एक झेक पुस्तक, ज्यात क्बेलीच्या म्युझियममधल्या विमानाचा इंच न इंच टिपलाय, चाकाच्या खोबणीतला प्रत्येक बोल्ट. भारतीय बिसचे फोटो म्हणाल तर उडताना, बाजूने, लांबून. खोबणीच्या आतला एकही नाही. असणार कसा? कारखान्याच्या गेटवर कॅमेरा सोडाच, डबासुद्धा उघडून बघायचे. बाबांचा एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीतला विमानाबरोबरचा एकही फोटो आमच्या घरात नाही. निरोपसमारंभाचा आहे, त्यात मागे पडदा आहे.

झेक लोकांकडे मात्र सगळं उपलब्ध. त्यांनीही मिग-२१ लायसन्सवर बनवलं होतं. प्रागजवळ वोदोखोदीला, १९६२ ते १९७२ या काळात, एफ-१३ ही जुनी आवृत्ती, १९४ विमानं. आपल्या तिपटीने कमी. पण त्यांची राजवट बदलली, विमानं म्युझियमांत गेली, आणि टेप आणि कॅमेरा घेऊन आत शिरणाऱ्या पोरांना कुणी अडवलं नाही. त्या पोरांनी कंपन्या काढल्या. म्हणून ओझरच्या फिटरचा मुलगा वडिलांनी काय काम केलं ते बघायला झेक पुस्तक मागवतो.

तुम्ही म्हणाल, वडिलांनाच विचारायचं की. तेच तर.

आमच्याकडे मिग हा विषय बंद होता. कुणी ठरवून बंद केला नव्हता, हळूहळू झाला. सप्टेंबर २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. मी तेव्हा अकरावीत होतो. पेपरातल्या त्या बातम्या बाबा उभ्यानेच वाचायचे आणि घडी घालून टीपॉयवर ठेवायचे, पुन्हा उघडायचे नाहीत. 'उडती शवपेटी' हा शब्द तेव्हापासून रोजचाच झाला.

मग २००६ ला 'रंग दे बसंती' आला. मी पुण्यात थर्ड इयरला. सगळं होस्टेल बघायला गेलं होतं. पिक्चरमध्ये मिग पडतं ते निकृष्ट सुट्या भागांमुळे, हे तुम्हाला आठवत असेल. बाहेर आल्यावर एकाने सहज विचारलं, "तुझे बाबा हेच बनवतात ना रे?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी म्हणालो, "नाही, ते अ‍ॅडमिनला आहेत."

अ‍ॅडमिनला! हे मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवाळीत घरी गेल्यावर मी फार शहाणपणाने विचारलं, "बाबा, खरंच असं असतं का? भाग खराब असतात?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवून घे."

२०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडेच सांगितले. हवाई दलाला मिळालेल्या ८७२ मिगपैकी ४८२ गेल्या चाळीस वर्षांत अपघातात गेली होती. १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर दलांतले ८ जण दगावले होते. यात मिगचे सगळे प्रकार आले, एकटं २१ नाही. मी आयटीवाला, मला आकडा दिसला की त्याला भागायची खोड आहे. कारणंही वाचली. साधारण तीनशेच्या वेगाने धावपट्टीला टेकणारं विमान, पक्षी, इंजिनं, विमानांचं वाढत गेलेलं वय, आणि मधल्या टप्प्याचं जेट ट्रेनर नाही म्हणून हळू विमानावरून थेट याच्यावर येणारी विशी-पंचविशीतली मुलं. ते ट्रेनर, म्हणजे हॉक, हवाई दलात आलं २००८ मध्ये. हे सगळं मी बाबांना सांगायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा ते मला माहीत असून उपयोग नव्हता. त्यांना कारणांची यादी नकोच होती. ते का, ते पुढे सांगतो.

तर लॉकडाउन. आई-बाबा पुण्यात अडकले होते. मी डायनिंग टेबलावर किट मांडलं. बाबा तीन दिवस लांबून जात-येत बघत होते. चौथ्या दिवशी रंगावरून सुरुवात झाली.

मिगच्या कॉकपिटचा आतला रंग हा मॉडेलवाल्यांचा खास भांडणाचा विषय. निळसर-हिरवा, पण किती निळसर आणि किती हिरवा? प्रत्येक रंगकंपनीची बाटली वेगळी. मला तर बाटली मिळणारच नव्हती, सगळं बंद. मी कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक मिसळून आठ छटा केल्या, पुस्तकातल्या फोटोंशी लावून बघत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"यातला कुठलाच नाही."

"म्हणजे?"

"सरकारी दवाखान्याच्या भिंती असतात बघ. तसा. जुना झाल्यावर नाही, नवा मारल्यावर."

मी नववी छटा केली. बाबांनी ती खिडकीपाशी नेली, मग ट्यूबलाइटखाली. "पांढरा टाक अजून." टाकला. "आता बरोबर." फोटोशी ती छटा आजही जुळत नाही. मॉडेलला तीच आहे.

दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून बसले. मी तेव्हा मुख्य चाकांच्या खोबणीवर आलो होतो. ही जागा समजून घ्यायला हवी. मिग-२१ चा पंख इतका पातळ आहे की चाक त्यात मावत नाही. मग पाय पंखात दुमडतो आणि चाक मात्र वळून जवळपास उभंच विमानाच्या पोटात शिरतं. त्या पोटात आधीच नळ्या, केबली, टाक्या यांची एवढी गर्दी की मुंगीला वाट मिळू नये. मॉडेल शोकेसमध्ये ठेवल्यावर ते उलटं केल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. अर्थात म्हणूनच आमच्यासारखे लोक तिथे महिना घालवतात.

मी हायड्रॉलिकच्या नळ्या शिशाच्या तारेने करत होतो. ०.२ मिलिमीटरची तार, म्हणजे मूळ मापात साधारण १० मिलिमीटरची नळी. पुस्तकातला फोटो पुढे ठेवून मी पाच तारा लावल्या होत्या. एकदम ताठ, समांतर, सुंदर. बाबांनी भिंग उचललं.

"ही कुणी टाकली लाइन?"

"मी."

"तोडशील विमान."

मग त्यांनी जे सांगितलं ते गॉर्डनच्या पुस्तकात नाही, झेक पुस्तकातही नाही. दोन पक्क्या टोकांमध्ये नळी कधी सरळ टाकत नाहीत. तिला एक वळण ठेवायचं, एक तरी. विमान थरथरतं, तापतं, गार होतं, सांगाडा वाकतो. नळीला हलायला जागा हवी. सरळ नळी सगळा ताण जोडावर देते आणि एक दिवस जोडाशी चीर जाते. नळी हाताने आपोआप जागेवर बसली पाहिजे. ओढून, दाबून नट लावावा लागला तर ती नळी चुकलेली आहे, काढायची आणि परत वाकवायची. "नट घट्ट करून नळी जागेवर आणणारा माणूस फिटर नाही," बाबा म्हणाले. आणि दोन नळ्या एकमेकींना घासता कामा नयेत, मधे क्लॅम्प. आणि प्रत्येक नटाला लॉकवायर, पीळ अशा बाजूने की नट सुटू लागला तर तार त्याला उलट आवळेल.

"तुम्ही हेच करायचात?"

"मग तुला काय वाटलं?"

मला खरंच माहीत नव्हतं. 'बाबा फिटर आहेत' यापुढे मी कधी गेलोच नव्हतो. हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, डायनिंग टेबलावर, एका खेळण्यामुळे कळलं.

त्यांनी माझ्या पाचही तारा उपटल्या. चिमट्याने नवीन वाकवू लागले. हात किंचित थरथरत होता, पण चिमटा तारेला टेकला की थांबायचा. त्या रात्री दीडपर्यंत आम्ही अकरा लायनी टाकल्या. त्यातल्या नऊ त्यांनी, दोन मी, आणि माझ्यातली एक त्यांनी परत काढली.

आणि मधेच, वर न बघता, ते बोलायला लागले. प्रत्येक जॉबच्या कागदावर करणाऱ्याचा शिक्का असतो, तपासणाऱ्याचा असतो. शिक्क्याला नंबर. विमान कुठेही गेलं तरी तो कागद त्याच्या फायलीत राहतो. कुठे विमान पडलं की पेपरात गावाचं नाव यायचं, वैमानिकाचं यायचं, विमानाचा नंबर यायचा नाही. मग कारखान्यात कुणाकडून तरी कळायचा, दोन दिवसांनी, चार दिवसांनी. कधी कळायचाच नाही. "तेवढे दिवस," बाबा म्हणाले, "मी डोक्यात लायनी मोजायचो. ही टाकली, ही टाकली, हिला क्लॅम्प, हिला वायर."

"आणि कळल्यावर?"

"कळल्यावर काय. बहुतेक वेळा पक्षी नाहीतर इंजिन. पण मोजून तर झालेलं असायचं."

मी काही बोललो नाही. अँटनींचा आकडा माझ्या डोक्यात आला, ४८२, आणि मी पहिल्यांदाच तो कशाने भागला नाही.

यानंतर रेफरन्सचं काम सोपं व्हायला हवं होतं, पण बाबा जसे उघडले तसे कटकटीही करू लागले. :) माझ्या पितळी पत्र्यातले सीटचे पट्टे त्यांना पसंत नव्हते. कॉकपिटमधल्या पाट्या रशियन होत्या त्यावर तर ते हसलेच, "आमच्याकडे हे इंग्रजीत असायचं." म्हणजे सहाशे रुपयांचा रंगीत छापलेला पॅनेल बाद. (४८ पट लहान केलेली अक्षरं कुणाला वाचता येणार आहेत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला. पण एकदा कळल्यावर काय करणार?)

२०२२ मध्ये लग्नाच्या निमित्ताने आम्ही एका गावी गेलो होतो. तिथे एका कॉलेजच्या आवारात चौथऱ्यावर मिग-२१ उभं आहे. अशी विमानं देशभर आहेत. पुढच्या तोंडाला कबुतरं जाऊ नयेत म्हणून जाळी, टायर सिमेंटमध्ये, आणि अंगावर दर १५ ऑगस्टला नवा ऑइलपेंट. मॉडेलवाल्याला हा खजिना, कारण पोटाखाली जाता येतं. मी फोटो काढत होतो. बघतो तर बाबा लग्नाच्या कपड्यांत, रुमाल अंथरून, पाठीवर झोपून खोबणीत हात घालताहेत. आत साळुंकीचं घरटं होतं. निम्म्या नळ्या कुणीतरी काढून विकल्या असणार, पण काही होत्या.

तेवढ्यात वॉचमन आला. "ओ काका, बाहेर या. हात लावायला मनाई आहे."

बाबा बाहेर आले, पाठीवरची माती झटकली. मला वाटलं आता ते सांगतील, मी हे बनवलंय वगैरे. काही नाही. "हो हो, चुकलंच," म्हणाले. मीच राहवलं नाही म्हणून म्हणालो, "यांनी बनवलीत ही विमानं. नाशिकला. फिटर होते." वॉचमनने एकदा विमानाकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग हे पडतं का एवढं?"

मला घाम फुटला. बाबा मात्र अगदी शांतपणे त्याच्याशी दहा मिनिटं बोलत उभे राहिले. नळ्यांबद्दल, इंजिनाबद्दल, त्या पातळ पंखाबद्दल. जाताना वॉचमन म्हणाला, "पोराला फोटो काढू द्या, काका. मी तिकडं उभा राहतो." ते फोटो आता माझा सगळ्यात चांगला रेफरन्स आहे. त्यातल्या चारांत बाबांचा हात आलाय, माप कळायला बरं पडतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ साली पहिली तुकडी तिथेच उभी राहिली होती. मी त्या दिवशी रजा टाकून नाशिकला गेलो होतो. मॉडेल बरोबर नेलं होतं, रंगाचं काम बाकी. टीव्हीवर शेवटची विमानं उतरली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडवले. आई म्हणाली, "किती वर्षं झाली हो?" बाबांनी हिशोब केला नाही. ते मॉडेल उलटं करून भिंगातून खोबणी बघत होते.

"हे पुरं कधी करणार?"

"नंबर ठरत नाहीये," मी म्हणालो. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, त्यात आकडे सुटे येतात. हवा तो नंबर जुळवता येतो. भारतीय बिसचे नंबर 'सी'ने सुरू होतात, बायसन झाल्यावर 'सीयू'. मी सांगितलं, "तुम्हाला आठवत असेल एखादा तर तो घालू. तुम्ही स्वतः काम केलेला."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. टीव्हीवर जाहिराती लागल्या.

"आठवतात," ते म्हणाले. "पण नंबर घातला की ते कुणाचं तरी होतं रे. मग त्याचं पुढे काय झालं ते तू शोधत बसशील."

खरं होतं. मी शोधलंच असतं. त्याच रात्री.

"मग काय करू?"

"आमच्याकडून जायचं तेव्हा होतं तसं ठेव. रंग लागायच्या आधीचं. नुसतं अ‍ॅल्युमिनियम, जोडांवर पिवळट प्रायमर. नंबर नंतर घालायचे."

झालं! म्हणजे महागाचे डेकल बाद, राखाडी रंगाच्या दोन बाटल्या बाद. शिवाय उघडं अ‍ॅल्युमिनियम हा मॉडेलमधला सगळ्यात छळवादी रंग, खालचा एक ओरखडा लपत नाही. प्रदर्शनात ठेवलं तर परीक्षक विचारतील, कुठल्या स्क्वाड्रनचं, आणि रेफरन्स काय? मी गेले काही महिने तेच करतोय. पूर्ण पृष्ठभाग तीनदा घासून झाला.

तर आज आलेली ही चाकं. पुडकं फोडून टेबलावर ठेवली. दोन मोठी, एक छोटं, रेझिनची, टायरवरची नक्षी नखाला लागते. लगेच नाशिकला फोन लावला.

"बाबा, चाकं आली."

"ब्रेकची लाइन टाकलीस का?"

"कुठली?"

"याचे ब्रेक हवेचे असतात. नळी पायाच्या कडेने खाली येते चाकापर्यंत. ताठ टाकू नको, पाय दबतो तेव्हा तिला जागा लागते. ०.३ ची तार घे."

०.३ ची संपली आहे. आत्ताच ऑर्डर केली. पुढच्या शनिवारी आणखी एक पुडकं येईल, आणि दारात मला पुन्हा विचारलं जाईल की यात काय आहे. या वेळी उत्तर सोपं आहे, तार.